व्यवसाय : गृहकार्य

मोटार अपघाताच्या दाव्यात माणसाची किंमत पगारपत्रकावरून निघते. गृहिणीचा दावा आला की आम्ही वकील बाजारभाव शोधत फिरतो.

इंदूरच्या रामबागेतली बेचाळीस वर्षांची बाई गेली. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात, पाळ्या बदलत्या. दोन शाळकरी मुलं, सासू अंथरुणाला खिळलेली. विमा कंपनीच्या वकिलांनी नवऱ्याला विचारलं, "पत्नी काय करायच्या?" तो म्हणाला, "काही नाही, घरीच असायची." आदल्या दिवशी दोन तास समजावलं होतं! रात्रपाळी करून आलेला हा माणूस दिवसा शांत झोपायचा, कारखान्याला रोज ताजातवाना मिळायचा, तो कुणाच्या जिवावर? मला त्याचा राग आला. अजून गेलेला नाही.

कायदा बाजूने होता. कीर्ती खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या सर्वेक्षणातले आकडेच मांडलेत : बिनपगारी घरकामात बाईची रोजची २९९ मिनिटं, पुरुषाची ९७.

शिवाय सासूसाठी आता ठेवलेल्या बाईला मी साक्षीला आणलं होतं. शपथेनंतर टायपिस्टने व्यवसाय विचारला. ती म्हणाली, "घर का काम." त्याने टाइप केलं, 'गृहकार्य'. इथल्या कोर्टात प्रत्येक गृहिणीच्या नावापुढे हाच शब्द लागतो. मी हरकत घेऊन 'मजदूरी' करवून घेतलं. तिने सगळं नीट सांगितलं : दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, नाहीतर जखमा होतात, भरवताना डोकं उंच धरायचं, नाहीतर ठसका लागतो. न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. मला वाटलं, जिंकलो.

मग उलटतपासणी. "किती तास? पगार किती?"

"बारा तास. सात हजार."

"म्हणजे बाजारभाव हाच."

रात्री मी हिशोब मांडला. सात हजारांवर वयानुसार २५ टक्के वाढ, चार अवलंबित म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, वर्षाचे बारा महिने, वयानुसार १४चा गुणक : ११ लाख २ हजार ५००. एका बाईचं सबंध आयुष्य दुसरीच्या तुटपुंज्या पगाराने मोजलं गेलं, आणि ती मोजपट्टी मीच कोर्टात नेली होती. त्या दुसरीची तेरा वर्षांची मुलगी शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. ते काम तर कुणाच्याच हिशोबात नाही.

शुक्रवारी अंतिम युक्तिवाद आहे. सात हजार हा भाव नव्हे, पिळवणूक आहे, असं मला म्हणायचंय. पण तो पगार माझा अशीलच देतो.