तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन फिरवून हंडा सापडतो का?

कोल्हापूरच्या आसपास जुना वाडा पाडायला काढला की हा प्रश्न येतोच: मेटल डिटेक्टर फिरवला तर पुरलेला हंडा सापडेल का? असेल आणि यंत्राच्या टप्प्यात असेल, तर सापडेल. पण हा टप्पा लोकांना वाटतो त्याहून फार कमी असतो.

दहा-अकरा इंची कॉइलच्या (जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी) साध्या यंत्राला सुटं नाणं जेमतेम वीतभर खोल कळतं. नाण्यांनी भरलेलं मडकं दीड-दोन फुटांवर कळू शकतं. त्याहून खोल जायचं तर पुढं-मागं दोन पेट्या असलेलं यंत्र घ्या. त्याला खिळे, सुटी नाणी कळत नाहीत, भांड्याएवढा ऐवज कळतो. मैलभर लांबून सोनं दाखवणाऱ्या अँटेनाच्या काड्या लाखांना विकतात, ती शुद्ध फसवणूक आहे.

खरा त्रास जमिनीचा. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जांभ्यात लोह भरपूर, तिथं यंत्र उगाच बडबडतं. म्हणून आधी धातू नसलेली जागा बघून ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्राला तिथल्या जमिनीशी जुळवून घ्या: कॉइल जमिनीपासून फूटभर वर न्यायची, दोन बोटांवर आणायची, आणि आवाज वर-खाली सारखा राहीपर्यंत हेच करायचं. तरी बडबड थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. ती ताणून खोली वाढत नाही, उलट गोंगाटात खरा आवाज बुडतो. उसाच्या रानात मोटारीची केबल आणि वरची लाइनही असाच गोंधळ घालतात.

कॉइल जमिनीला समांतर ठेवा. फेरीच्या टोकाला हात वर उचलला की तिथली खोली गेली. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा. कचरा गाळायची सेटिंग जपून वापरा. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या परिसरात सातवाहन काळातल्या कुर राजांची शिशाची नाणी मिळाली आहेत, आणि यंत्राच्या पडद्यावर धातू ओळखायला येणारा शिशाचा आकडा चांदीच्या बराच खाली, पत्र्या-झाकणांच्या कचऱ्यात पडतो.

ऐवज मोठा आहे का, हे कळायला कॉइल फूटभर उचला. वरच्या खिळ्याचा आवाज मरतो, खालच्या मोठ्या वस्तूचा टिकतो. नांगराचा तुटका फाळही असाच वाजतो, हे मात्र लक्षात ठेवा.

मडक्याचा काठ दिसला की हात थांबवा, ही माझी कळकळीची विनंती. नाणी घासू नका, वाटू नका. त्यातलं सगळ्यांत उशिराचं नाणं ठेव कधी पुरली याचा अंदाज देतं. तेच कुणाच्या खिशात गेलं तर पुरावा कायमचा गेला. पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्मारकात तर यंत्र नेऊच नका. इतरत्रही जमीनमालकाची परवानगी आधी घ्या.

पुरलेल्या धनाबद्दलच्या 1878 च्या कायद्यानुसार 10 रुपयांवरच्या ठेवीची लेखी खबर कलेक्टरना द्यावी लागते: काय, किती, कुठं, कधी सापडलं. ती लपवली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, वाटाही जातो. ठेव बेवारस ठरली आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारनं ती ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देतं.