बेकरच्या चढावर दुसरा गिअर: लॉस एंजेलिस ते झायन, व्हाया बारस्टोचं पार्किंग

बेकरच्या चढावर आमची व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये अडकली, पण गिअरबॉक्स गेलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुनी ऑटोमॅटिक व्हॅन चढावर अडकली की 'ट्रान्समिशन गेलं' हे वाक्य आणि ३,४०० डॉलरचं कोटेशन एकाच कागदावर छापून मिळतं.

गाडी २००२ ची डॉज ग्रँड कॅरॅव्हॅन, ३.३ लिटरचं व्ही-६, चार गिअरचं ४१टीई ट्रान्समिशन. पुण्याहून आई-बाबा आले की सात सीट लागतात, म्हणून घेतलेली. या गाडीत ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर, म्हणजे टीसीएम, स्वतंत्र डबा आहे. पुढच्या काही वर्षांत तो इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येच गेला. तेव्हा आपल्या गाडीत वेगळा डबा आहे का ते बघा, मगच पुढचं वाचा.

लॉस एंजेलिस ते बारस्टो यात सांगण्यासारखं काही नाही. पुढे वाळवंटातल्या बेकर गावी १३४ फुटी थर्मामीटर आहे, डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची आठवण. फोटो काढायचा तर पाच मिनिटांत आटपा. खरा प्रकार त्यानंतर सुरू होतो. आय-१५ हायवेवर एक्झिट २४६ ते २६५ हे एकोणीस मैल, हजार फुटांच्या आतल्या उंचीवरून हॅलोरन समिट या माथ्याच्या चार हजारांच्या आसपास. दुपारी एक ते पाच या वेळात, सामान आणि माणसांनी भरलेली जुनी व्हॅन घेऊन इथे चढू नका. पहाटे निघा. यावर चर्चा नाही.

चढावर गाडी चौथ्यातून तिसऱ्यात यायला हवी होती. ती झटका देऊन दुसऱ्यात आली आणि तिथेच बसली. याला लिंप मोड म्हणतात. टीसीएमला गंभीर गडबड दिसली की तो ट्रान्समिशन कंट्रोल रिले सोडतो, सोलेनॉइड पॅकची, म्हणजे ऑइलच्या वाटा उघड-बंद करणाऱ्या विजेच्या झडपांची, वीज जाते, आणि नुसत्या ऑइलच्या दाबावर पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल आणि दुसरा एवढंच उरतं. लीव्हर डी, ३ किंवा एल कुठेही ठेवा, दुसराच. दुसऱ्याचं गुणोत्तर १.५७, चौथ्याचं ०.६९. म्हणजे ६५ मैलांच्या वेगाला जिथे इंजिन दोन हजारांवर फिरायचं, तिथे ते साडेचार हजारांच्या वर किंचाळतं. ३५-४० मैलांवर या, उजवी लेन धरा, हॅझार्ड लावा, एक्झिट २५९ ला वळून उताराने बेकरला परत जा. चावी बंद करून पुन्हा चालू केली की सगळे गिअर परत येतात, पण बिघाड पुन्हा दिसला की पुन्हा दुसरा. ही युक्ती सपाटीवर पोचण्यापुरती वापरा, त्या भरवशावर व्हेगास गाठायला जाऊ नका. टो करायचीच तर फ्लॅटबेडवर. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून मागून उचलू देऊ नका, ओढणारी चाकं पुढची आहेत.

आता कोटेशनची गंमत. गॅरेजमध्ये वीस डॉलरचा कोड रीडर लावला, पी-०७०० आला, आणि तेवढ्यावर 'रीबिल्ड करावं लागेल'. पी-०७०० चा अर्थ एवढाच की टीसीएमने इंजिनच्या कॉम्प्युटरला 'दिवा लाव' म्हणून सांगितलंय. का, ते टीसीएमच्या पोटात आहे, आणि ते वाचायला डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरचं ट्रान्समिशन उघडणारा स्कॅनर लागतो. तो नसलेल्या माणसाशी दरावर घासाघीस करण्यात अर्थ नाही, गाडी बाहेर काढा.

आतले कोड असे वाचायचे. पी-०७३१ ते ०७३४ म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, क्लच घसरत असू शकतात. त्यासोबत स्कॅनरवर क्लच व्हॉल्यूमचे, म्हणजे प्रत्येक क्लच धरायला किती ऑइल लागतं त्याचे, आकडे बघा: लो-रिव्हर्स ३५ ते ८३, २-४ चा २० ते ७७, ओव्हरड्राइव्ह ४८ ते १५०, अंडरड्राइव्ह २४ ते ७०. आकडा वर पळाला असेल आणि ऑइल काळं, जळकट वासाचं असेल, तर मात्र गॅरेजवाला खरं बोलतोय. पी-०७१५ किंवा ०७२० असेल तर आधी बाहेरून लागणारे इनपुट-आउटपुट स्पीड सेन्सर बदला. शंभर रुपयांच्या कामाला लाखाचं बिल म्हणतात ते हेच. एकाच सोलेनॉइडचा कोड आला तर सोलेनॉइड पॅक किंवा त्याची वायर. चारही सोलेनॉइड एकदम बोंब मारत असतील तर चारही एका दिवशी मेलेले नसतात: रिले, सप्लाय, अर्थिंग, कनेक्टर, मग मॉड्यूल (टीसीएमचा डबा), या क्रमाने जा. आणि बॅटरीला कोणी हात लावलेला नसताना पी-१६८४, म्हणजे 'बॅटरी काढली होती', दिसला तर टीसीएमची कायमची सप्लाय मध्येच तुटते आहे. गाडी बारस्टोपर्यंत परत आणून वाचलं, तर आकडे सगळे मर्यादेत, ऑइल लाल, आणि कोड चारही सोलेनॉइडचे अधिक पी-०६०५. हा शेवटचा मॉड्यूलच्या आतल्या मेमरीचा.

तरीही लगेच मॉड्यूल मागवायचं नाही. कनेक्टरवरची सप्लाय मीटरने नाही, २१ वॉटच्या इंडिकेटर बल्बने तपासा. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र काजव्यासारखा मिणमिणतो आणि खरं सांगतो. अर्थिंगचीही तीच परीक्षा. बल्ब लख्ख पेटला. मग शेवटची चाचणी: गाडी गार, इंजिन आयडलला, आणि हेअर ड्रायर मॉड्यूलच्या डब्यावर. सहा मिनिटांत पी-०६०५ परत. गार झाल्यावर गायब. आता मागवा.

बदलणं सोपं, जागा वाईट. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पुढचं डावं चाक काढा. स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबून आत डोकं घालू नका. मडगार्डचं प्लॅस्टिक मागे वळवलं की फ्रेमला तीन स्क्रूंनी धरलेला डबा दिसतो. म्हणजे चाकाने उडवलेलं पाणी आणि मीठ थेट त्याच दिशेला. साठ पिनांचा कनेक्टर मधल्या एका बोल्टवर असतो. तो हातपान्ह्यानेच सोडा आणि हातपान्ह्यानेच आवळा. पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सील फाटलं असेल तर नवं मॉड्यूलही त्याच वाटेने जाईल. चाकाचे नट १०० फूट-पाउंडला.

आणि इथे सगळे फसतात. डबा लावला म्हणजे काम झालं नाही. पिनियन फॅक्टर, म्हणजे टायरच्या मापाचा हिशेब, स्कॅनरने भरावा लागतो. तो नसेल तर स्पीडोमीटर आणि क्रूझ दोन्ही मुके. त्यानंतर क्विक लर्न, म्हणजे नव्या मॉड्यूलला या गिअरबॉक्सच्या क्लचची ओळख करून देणं: ट्रान्समिशनचं ऑइल ६० ते २०० अंश फॅरनहाइटच्या मध्ये, ब्रेक दाबलेला, इंजिन आयडलला, स्कॅनर सांगेल तसा लीव्हर. दहा मिनिटांचं काम. ते न करता निघालात तर प्रत्येक शिफ्टला मानेला हिसका बसतो, आणि तेवढ्यावर 'नवं मॉड्यूलही खराब' म्हणून परत करणारे महाभाग आहेत. रीमॅन्युफॅक्चर्ड मॉड्यूल २६० डॉलर, या दोन गोष्टींची मजुरी १६५. मॉड्यूल विकत घेण्याआधी हे करून देणारा माणूस फोनवर नक्की करा, उलटं नाही. ऑइल कमी असेल तर एटीएफ+४ च घाला. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेली बाटली घालून पुढे गाडी थरथरली तर मॉड्यूलला शिव्या देऊ नका.

झायन सुंदर आहे, शटल वेळेवर येते. परतीला बेकरला पेट्रोल भरू नका, टाकी आधीच भरून घ्या. त्या गावातला दर बघूनही लिंप मोड लागतो.