नाताळसाठी हलका धुरीचा बंगडा, नोंद दुसरी: चरबी कमी केली की पाणी सांभाळायचं

मागच्या नोंदीपर्यंत बंगड्याची धुरी बसली होती, गाडी अडली होती डिपपाशी, म्हणजे धुरीचा बंगडा मिसळून टोस्टवर ठेवायच्या घट्ट मिश्रणापाशी. क्रीम चीज आणि लोणी काढून चक्का घातला की चव मोकळी होते, पण तासा-दोन तासांत वाटीच्या कडेला पाणी सुटतं आणि खालचा टोस्ट मऊ पडतो. आता डिप संध्याकाळभर टिकतं. जी काही सुधारणा झाली ती मसाल्यात नाही, पाण्यात झाली. चरबी काढली की तिच्या जागी पाणीच येतं, आणि ते मासा, चक्का, लिंबू, कांदा अशा चारही वाटांनी येतं. एक वाट बुजवून भागत नाही.

आधी चक्का, कारण सगळा फरक तिथे आहे. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के. त्याचं १ किलो दही नीट निथळून दाबलं की ३०० ते ३३० ग्रॅम घट्ट चक्का मिळतो, म्हणजे त्यात साधारण ९ टक्के स्निग्धांश धरा. क्रीम चीजमध्ये तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. फुल क्रीम दुधाचा चक्का १६-१७ टक्क्यांपर्यंत जातो. चवीला छान, पण मग हलकं करण्यातला बराच फायदा गेला. डबल टोन्डच्या वाटेला जाऊ नका. तो चक्का कोरडा आणि रवाळ होतो, माशाच्या बारीक तुकड्यांबरोबर जिभेला खरखरतो.

दही मलमलच्या दुहेरी फडक्यात बांधून फ्रीजमध्येच टांगायचं, १२ ते १४ तास. ओट्यावर टांगलं तर निथळतं लवकर, पण आंबट होत जातं, आणि तो आंबटपणा धुरीवर चढतो. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: पुरचुंडी चाळणीत ठेवून वर दीड-दोन किलोचं वजन, आणखी २ तास. नुसतं टांगलेल्या चक्क्याला मीठ लागलं की तो पाणी सोडतो; दाबलेला फारच कमी सोडतो. खात्री करायची असेल तर चमचाभर चक्का टिश्यू पेपरवर ठेवून १० मिनिटं थांबा. भोवती ओलाव्याची कड उमटते. ती अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असेल तर चक्का तयार. बोटभर रुंद असेल तर परत वजनाखाली.

आता मासा. १ किलोत ५-६ येतील असे बंगडे घ्या, कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ. बाजारातून घरी येताना बर्फ हवाच. बंगड्याच्या मांसात हिस्टिडिन (एक अमिनो आम्ल) भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते एकदा तयार झालं की शिजवून, धुरी देऊन किंवा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर अंग लाल होणं, डोकं दुखणं, ओठ चुरचुरणं हा त्याचाच प्रताप. म्हणून विकत घेतल्यापासून कढईत जाईपर्यंत मासा ४ अंशांच्या आसपास राहील असंच सगळं वेळापत्रक बसवायचं.

कोळणीला मधला काटा काढून दोन फिले करून द्यायला सांगा, कातडी ठेवून. १ किलोतून साधारण निम्मं वजन हातात येतं. पोटाच्या आतला काळा पडदा आणि कण्याजवळचं गोठलेलं रक्त घरी नीट खरवडून काढा. धुरीनंतर येणारा कडवटपणा पुष्कळदा धुराचा नसतो, या पडद्याचा असतो.

मिठाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत आता सोडून दिली आहे. बंगड्याचा पोटाकडचा भाग पातळ आणि पाठीकडचा जाड, त्यामुळे पाठ मुरेपर्यंत पोट खारट होतं. त्याऐवजी वजनावर मीठ: ५०० ग्रॅम फिलेला ११ ग्रॅम साधं बारीक मीठ आणि ५ ग्रॅम गुळाची पावडर. दोन्ही बाजूंना चोळून डब्यात, फ्रीजमध्ये ८ ते १० तास. मीठच मोजून घातलेलं असल्यामुळे दोन तास जास्त झाले तरी मासा खारट होत नाही. चमच्याने मीठ मोजू नका, मीठ किती बारीक त्यावर वजन बदलतं. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्याच. एक लक्षात ठेवा, एवढं मीठ चवीपुरतं आहे, टिकवण्यापुरतं नाही.

डब्यात सुटलेलं पाणी फेकून द्या, फिले धुऊ नका, फक्त टिपा. मग जाळीवर, कातडी खाली, फ्रीजमध्ये उघडे ५-६ तास. पंख्याखाली हेच तासाभरात होतं, पण मुंबई-कोकणची डिसेंबरची दुपारही ३० अंशांच्या पुढे जाते आणि बंगड्याला ते चालत नाही. मिठामुळे वर आलेली प्रथिनं सुकून पृष्ठभागावर पातळ, चकचकीत पापुद्रा धरतो. बोट टेकवून उचललं की किंचित चिकटायला हवं आणि बोटावर ओल राहता कामा नये. धूर या पापुद्र्यावर बसतो. ओल्या माशावर तो पाण्यात विरघळतो, वरून डाग पडतात आणि आत चव पोचत नाही.

धुरीसाठी जाड लोखंडी कढई, ३० सेंटिमीटरची. नॉनस्टिक अजिबात नको. रिकामी तापली की तिच्या लेपाचे वाईट वायू निघतात. तळाला दुहेरी फॉइल, त्यावर १२ ते १५ ग्रॅम कोरड्या ढलप्या, वर एक स्टीलची ताटली (टपकणारं तेल ढलप्यांवर पडलं तर काजळीचा धूर होतो), मग जाळी. लाकूड पेरूचं उत्तम, सौम्य आणि किंचित गोडसर. करवंटीचे तुकडेही चालतात, धूर जरा तिखट येतो, म्हणून १० ग्रॅमच. लक्षद्वीपचा मासमीन, म्हणजे धुरी देऊन सुकवलेला ट्यूना, नारळाच्या सोडणांच्या धुरावरच होतो, तेव्हा नारळ आणि मासा ही जोडी परकी नाही. सुताराकडचा भुसा घेऊ नका, त्यात प्लायवूडचा डिंक आणि पॉलिश असतं. देवदार, चीड यांसारखी राळेची लाकडंही नकोत. ढलप्या भिजवायच्या नाहीत: आधी नुसती वाफ येते, ती पापुद्रा ओला करते, आणि मग अर्धवट जळलेला पांढरा कडू धूर.

तुपावरच्या निखाऱ्याची धुरी इथे कामाची नाही. ती वास देते, पण मासा शिजवत नाही आणि सुकवतही नाही. शिवाय तुपाचा वास बंगड्यावर बसतो.

मोठ्या आचेवर धुराची पहिली रेघ दिसली, साधारण ४-५ मिनिटांत, की फिले ठेवायचे, वर फॉइलचा सैल तंबू करायचा आणि झाकण ठेवून कड कणकेने बंद करायची. तंबू यासाठी की झाकणाला जमलेले तपकिरी थेंब माशावर पडू नयेत. जिथे थेंब पडतो तिथे डांबरट कडू ठिपका उरतो. मग आच अगदी बारीक, १८ ते २२ मिनिटं. जाड भागात थर्मामीटर ६३ अंश दाखवेल तेव्हा बंद, आणि झाकण न काढता १० मिनिटं. फिलेच्या फटींतून पांढरे दाणे फुटले असतील तर आच जास्त होती: प्रथिनं आवळली आणि आतलं पाणी बाहेर ढकललं गेलं. खायला काही बिघडत नाही, पण मासा चोथट लागतो. खिडक्या उघड्या, चिमणी चालू, झाकण गॅलरीत जाऊनच काढा.

गार झाल्यावर झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. ताज्या धुरीला एक टोचरा वास असतो, तो रात्रीत बसतो. दुसऱ्या दिवशी कातडी सोला, मधल्या रेषेतले बारीक काटे चिमट्याने ओढा आणि बाजूने जाणारी गडद लाल मांसाची पट्टी चमच्याने खरवडून वेगळी करा. बंगड्याचा उग्र वास मुख्यतः या पट्टीतल्या चरबीचा. ती काढली की डिप चवीलाही हलकं होतं, आणि माझ्या मते क्रीम चीज काढण्याइतकाच फरक या एका कामाने पडतो. पट्टी टाकू नका: कांदा, हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्याबरोबर परतली की भाताशी मस्त लागते. सोललेला मासा ३०० ते ३५० ग्रॅम मिळेल.

सध्याचं माप, १२ जणांना प्रत्येकी तीन घास: मासा २५० ग्रॅम, चक्का १४० ग्रॅम, मोहरीची पेस्ट १ छोटा चमचा, एका लिंबाची किसलेली साल, जाडसर मिरपूड अर्धा छोटा चमचा, शेपूचे फक्त कोवळे शेंडे बारीक चिरून १ मोठा चमचा, कांद्याच्या पातीचा हिरवा भाग २ मोठे चमचे. मीठ नाही, माशातलं पुरतं. आपला शेपू उग्र असतो, देठ घातले तर धूर मागे पडतो. आंबटपणासाठी रस न घालता दोन मऊ आमसुलं अगदी बारीक चिरून घाला. पाण्याशिवाय आंबट मिळतं. तीही खारवलेली असतात, म्हणून आधी एक तुकडा चाखून बघा. रंग गुलाबीसर होतो, तो शोभतो. लिंबू पिळायचंच तर वाढताना, अर्धा चमचा.

मिक्सर वापरू नका. पाती फिरल्या की चक्क्याची घडण मोडते, तो पाणी सोडतो आणि मासा चिकट लगदा होतो. निम्मा मासा काट्याने कुस्करून चक्क्यात मिसळा, उरलेल्याचे नखाएवढे तुकडे शेवटी हलक्या हाताने. मिसळल्यावर २-३ तास फ्रीजमध्ये मुरू द्या, त्याहून आधी करून ठेवण्यात अर्थ नाही.

खाली काय ठेवायचं? गोव्याची पोई (कोंड्याचा पाव) अर्धा सेंटिमीटर जाड कापून १४० अंशांवर २५ मिनिटं सुकवली तर सर्वांत चांगली: कोंड्यामुळे चव भरते आणि कुरकुरीतपणा टिकतो. काकडी हलकी खरी, पण बिया असलेल्या चकत्या पाणी सोडतात. बियांचा भाग काढा, टिपा आणि वाढण्याच्या पाच मिनिटं आधीच भरा. नाचणीचे खाकरे चालतात. तळलेले पापड नको, मग हलकं ते काय राहिलं.

वेळापत्रक २५ तारखेच्या रात्रीसाठी: २३ला सकाळी मासा आणून मीठ, संध्याकाळपासून रात्रीपर्यंत सुकवणं, २४ला सकाळी धुरी, त्याच संध्याकाळी दही टांगायला, २५ला सकाळी वजन, दुपारी मिसळणं. वाटी बर्फावर ठेवा, बाहेर २ तासांच्या वर नाही. धुरीचा मासा फ्रीजमध्ये ३ दिवस. व्हॅक्यूम पाकिटात घालून फ्रीजमध्ये ठेवू नका: हवा नसलेल्या, कमी मिठाच्या माशात बोटुलिझमचा (जीवाणूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा) धोका फ्रीजच्या गारव्यातही असतो. डीप फ्रीझरमध्ये नुसता मासा महिनाभर राहतो. चक्का मिसळलेला गोठवला तर फाटतो.

दुसरे मासेही याच मापाने करून पाहिले आहेत. रावसात चरबी कमी, तो ६३ अंशांच्या जरा पुढे गेला की भुरभुरतो. तिथे चक्का १८० ग्रॅमपर्यंत न्या. सुरमईच्या दोन सेंटिमीटर जाड तुकड्याला ३० मिनिटं लागतात, ढलप्या मात्र तेवढ्याच ठेवायच्या, नाहीतर वरचा थर कडवट होतो. आयात केलेला गोठवलेला नॉर्वेचा मॅकरेल आपल्या बंगड्याहून बराच तेलकट. त्याला चक्का ११० ग्रॅम पुरतो आणि लिंबाची साल दुप्पट लागते. हलवा आणि घोळ अजून बाकी आहेत, त्यांची मापं पुढच्या नोंदीत.