ढेपीचं पोतं आणि चित्रांची भिंत

आर्वीत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. जवळच्या गावातून बोलावणं आलं: वाड्यातल्या माडीवर छोटी गॅलरी करायची आहे, चित्रं दर दोन महिन्यांनी बदलतील, भिंतीला सारखे खिळे नकोत. मी कॅटलॉग पाहून ॲल्युमिनियमची पट्टी सांगितली. पट्टी वर भिंतीला स्क्रूनं बसवायची, तिच्यातून तारा सोडायच्या, हूक हवा तसा खालीवर सरकवायचा. मीटरला 20 किलो भार चालतो, असं त्यात छापलेलं.

भार खरंच लागणार होता. 4 मिलिमीटरची काच चौरस मीटरला 10 किलो भरते. तीन बाय दोन फुटांच्या फ्रेमची नुसती काचच साडेपाच किलोच्या वर जाते. म्हणून चित्रं लावण्याआधी परीक्षा घ्यायचं ठरवलं. गोठ्यातली सरकीची ढेप आणली, तीन पिशव्यांत मिळून 50 किलो. तीन मीटरच्या पट्टीला ती सारख्या अंतरानं टांगली आणि आम्ही जेवायला खाली उतरलो.

भाकरीचा दुसरा तुकडा मोडत होतो, तोच वर धडाम!

पट्टी, प्लग, ढेप आणि दारभर रुंदीचा प्लास्टरचा पापुद्रा, सगळं जमिनीवर. आत निव्वळ मातीची भिंत. कोणी तरी कधी काळी तिच्यावर सिमेंट थापलं होतं. सिमेंट मातीला नीट धरत नाही, आत ओल कोंडते आणि पापुद्रा सुटतो. खाली काळी जमीन, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. म्हणजे भिंतही दरसाल थोडी हलणार. ठोकून पाहिलं असतं तर पोकळ आवाज आला असता. वीस वर्षं धंद्यात असून मी ठोकलं नव्हतं. कॅटलॉगमधला आकडा खोटा नव्हता, फक्त तो या भिंतीचा नव्हता.

घरची आजी जिन्यातून वर आली. पसारा पाहून म्हणाली, "भाऊ, तुमी भिताडाच्या मागं काऊन लागले? वर पाहा ना. त्या लाकडाले बंगई टांगत होतो आमी. चार-चार जनं बसत."

सागवानी तुळया, तीन-तीन फुटांवर, एका लांब भिंतीपासून दुसरीपर्यंत. मग भिंतीपासून दोन इंच सोडून तुळयांना खालून आयबोल्ट, म्हणजे डोक्याला गोल भोक असलेले बोल्ट, बसवले आणि त्यांतून इंचाचा लोखंडी पाइप ओवला. आडव्या दोन भिंती तुळयांना समांतर, तिथं हे जमत नव्हतं. त्या कोऱ्याच ठेवल्या, गॅलरीला बरंच झालं ते.

तारेचा प्रश्न उंदरांनी सोडवला. खालच्या खोलीत सोयाबीन, म्हणजे नायलॉन बाद. तसंही ते ताणतं, फ्रेम हळूहळू खाली येते. सायकलच्या दुकानातून ब्रेकच्या तारा घेतल्या. प्रत्येक फ्रेमला दोन सरळ तारा. मधोमध एकच हूक आणि दोरीचा पसरट त्रिकोण केला, तर दोरीवर उगाच जास्त ताण येतो आणि फ्रेमही तिरकी होते.

ढेप पुन्हा टांगली. रात्रभर तशीच राहिली.

चित्राचा मध्य सहसा जमिनीपासून 57 इंचांवर ठेवतात. आम्ही शाळेतल्या पोरांसाठी तो 48 वर आणला.

मधल्या तुळईच्या कड्यांना मात्र हात लावायचा नाही, असं आजीनं बजावलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी तिनं तिथं बंगई टांगून घेतली. चित्रांपुढे होती त्यापेक्षा जास्त गर्दी बंगईपाशी होती.