क्राइम कॉमिक्स आणि दुकानदाराची पंचाईत

अमेरिकेत एकेकाळी मुलांना क्राइम कॉमिक विकलं म्हणून दुकानदारावर केस होऊ शकायची, माहितीये का? १९४८ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने थेट नियमच केला की १८ वर्षांखालच्यांना असली कॉमिक्स विकायची नाहीत, आणि इतर गावांनीही असलेच नियम काढले. पण गंमत अशी की त्याच वर्षी विंटर्स खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा गुन्हेकथांच्या मासिकांवरचा कायदा उडवला होता, कारण काय तर कायद्याची भाषा इतकी मोघम की कुठलं मासिक चालेल आणि कुठलं नाही हे विकणाऱ्याला कळणारच कसं! मला हा मुद्दा एकदम पटतो. चित्रात चोर पिस्तूल रोखून उभाय, शेवटच्या पानावर पकडला जातो, मग हे क्राइम कॉमिक की पोलिसांचं कौतुक? आणि हे ठरवायचं कोणी, तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाने, समोर पोरगं नाणं घेऊन उभं असताना. १९५४ मध्ये कॉमिक्समुळे पोरं बिघडतात का यावर सिनेटच्या (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) सुनावण्या झाल्या, मग प्रकाशकांनी घाबरून स्वतःच कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिकमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, लावून घेतला (माझ्या मते कायद्यापेक्षा यानेच जास्त वाट लावली). लॉस एंजेलिस काउंटीने १९५५ मध्ये नव्याने आणलेली तशीच बंदी मात्र कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये घटनाबाह्य ठरवली, तोवर त्या कॉमिक्सचा बाजार कधीच उठला होता.