तेकापो ते ट्वायझेल: मोटरहोममधला वीजपुरवठा आणि त्यातला बिघाड

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मे महिन्यात मोटरहोम घेऊन फिरणे मराठी कुटुंबांना सोयीचे पडते, कारण आपल्याकडे शाळांना सुट्टी असते आणि तिकडे शरद ऋतू संपत आलेला असल्याने गर्दी ओसरलेली व गाड्यांची भाडी उतरलेली असतात. मात्र त्याबरोबर थंडीही येते आणि गाडीतल्या विजेवरचा भार वाढतो. क्राइस्टचर्चहून तेकापो, आओराकी माउंट कुक आणि ट्वायझेल असा आमचा मार्ग होता, सोबत सासूबाई, सासरे आणि मुलगा. सरोवरांची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत. येथे फक्त विजेविषयी लिहिते.

मोटरहोममध्ये दोन वीजपुरवठे शेजारी शेजारी नांदत असतात. दिवे, पाण्याचा पंप, आमच्या गाडीतला कॉम्प्रेसरचा फ्रिज आणि डिझेल हीटर हे सारे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मायक्रोवेव्ह, इलेक्ट्रिक किटली आणि भिंतीतले प्लग २३० व्होल्टवर, म्हणजे मुख्यतः हॉलिडे पार्कमधल्या खांबाला केबल जोडल्यावर. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे चार्जर. तो खांबावरची वीज घेऊन बॅटरी भरतो. इंजिन सुरू करण्याची बॅटरी निराळी असते, त्यामुळे राहण्याच्या भागातली बॅटरी पार उतरली तरी गाडी सहसा सुरू होते. रात्री अंधारात जीव घाबरा होतो तेव्हा एवढे आठवावे.

तेकापोला आम्ही वीज असलेली जागा घेतली होती. केबल जोडली, मायक्रोवेव्हचे घड्याळ उजळले, दिवे लागले, हीटर चालला. सगळे ठाकठीक वाटावे अशीच परिस्थिती होती. दुसऱ्या दिवशी सुमारे १०५ किलोमीटरचा रस्ता कापून आम्ही माउंट कुकजवळच्या व्हाइट हॉर्स हिल या मुक्कामी पोहोचलो. राष्ट्रीय उद्यानातल्या या जागेवर शौचालये आहेत, परंतु गाडीला जोडायला वीज नाही. पहाटे हीटर आपोआप बंद पडला, त्याच्या पडद्यावर कमी व्होल्टेजचा संकेत आला आणि दाराजवळच्या पॅनेलवर बॅटरीच्या व्होल्टेजचा ११.३ हा आकडा दिसू लागला. नळ उघडला की पंप घरघरत कसाबसा पाणी ओढत होता.

सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते अंथरुणातूनच म्हणाले, "आधी लोड काढ, मग बघू." बॅटरीच्या १२ व्होल्टपासून २३० व्होल्ट तयार करणारा इन्व्हर्टर बंद केला, कारण त्याला काहीही जोडलेले नसतानाही तो थोडी वीज खात राहतो, फ्रिजही बंद केला, कारण बाहेर त्याच्याहून अधिक गारठा होता. रात्री मुक्कामाच्या जागी इंजिन चालू ठेवून बॅटरी भरणे शेजाऱ्यांच्या झोपेच्या दृष्टीने बरे नव्हे, म्हणून उजाडेपर्यंत पांघरुणांवर भागवले. सकाळी इंजिन सुरू करताच आकडा १४ च्या आसपास चढला, म्हणजे धावत्या गाडीतून होणारे चार्जिंग शाबूत होते.

ट्वायझेल तिथून साधारण ६५ किलोमीटरवर आहे. वरच्या वाइटाकी खोऱ्यातल्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी १९६८ मध्ये वसवलेल्या या गावात आम्ही विजेच्या शोधात यावे, याची सासऱ्यांना मोठी गंमत वाटली. तिथे पुन्हा केबल जोडली. मायक्रोवेव्ह उजळला, पण इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावरही पॅनेलवरचा आकडा १२.३ वरून हलेना. भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन लावला, तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की केबल जोडलेली असताना आकडा किती दिसतो. १३ च्या वर नसेल तर सहसा चार्जरची वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाही, इतका हा हिशेब सरळ आहे.

यानंतर सासऱ्यांनी खांबापासून बॅटरीपर्यंत सप्लाय कुठवर येतो ते क्रमाने पाहायला लावले. खांबावरचा एमसीबी, म्हणजे भार फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वर म्हणजे चालू होता. गाडीतला आरसीडी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा, आपल्याकडचा ईएलसीबी, तोही वर होता. मायक्रोवेव्ह चालत होता, अर्थात २३० व्होल्ट आत पोहोचत होते. राहिला चार्जर. तो बाकड्याखालच्या कप्प्यात होता आणि त्याचा दिवा विझलेला होता. त्याच कप्प्यात गाडीबरोबर मिळालेल्या घडीच्या खुर्च्या कोंबलेल्या होत्या. त्यांतल्या एकीचा पाय चार्जरच्या सॉकेटवरच्या बटणावर टेकून ते बंद झाले होते. खुर्च्या बाहेर काढल्या, बटण दाबले आणि चार्जरचा पंखा फिरू लागला. पॅनेलवर हळूहळू १४.२ आले.

बटण चालू असूनही दिवा लागला नसता, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबणे भाग होते, कारण २३० व्होल्टच्या पेटीचे झाकण प्रवाशाने उघडू नये. दिवा लागूनही आकडा चढला नसता, तर बॅटरीजवळचा फ्यूज आणि टर्मिनलचे नट पाहायचे होते. फ्यूज बदलताना त्यावर छापलेल्याच अँपिअरचा घालावा. जास्त अँपिअरचा घातला तर वायर तापून आग लागू शकते.

माउंट कुकची रात्र का निभावली नाही, हे आकडेमोडीने स्पष्ट होते. लेड-ॲसिड जातीच्या १०० अँपिअर-तासांच्या (म्हणजे ढोबळमानाने पाच अँपिअर वीस तास देणाऱ्या) बॅटरीतून निम्मीच वीज वापरणे तिच्या आयुष्यासाठी बरे असते, आणि थंडीत तिची क्षमता आणखी घटते. डिझेल हीटर सुरू होताना काही मिनिटे ८ ते १० अँपिअर ओढतो, नंतर एक-दोन अँपिअरवर चालतो. बारा तासांच्या रात्रीत एकटा हीटर वीसेक अँपिअर-तास खातो, आणि फ्रिज जवळपास तितकेच. तेकापोच्या रात्रीही बॅटरी भरण्याऐवजी वापरलीच जात होती, आणि मधल्या सव्वा तासाच्या गाडी चालवण्याने ती तूट पुरती भरून निघाली नाही. छतावरच्या सौर पॅनेलचा मे महिन्यात फारसा भरवसा धरू नये; दुपारीही तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर असतो आणि डोंगरांच्या कुशीत तो लवकर मावळतो.

म्हणून मागून जाणाऱ्यांनी गाडी ताब्यात घेतानाच डेपोमध्ये केबल जोडून पॅनेलवरचा आकडा पाहावा आणि चार्जर, फ्यूज व आरसीडी नेमके कुठे आहेत ते दाखवून घ्यावे. विसावलेल्या, म्हणजे काही वेळ भरत किंवा वापरात नसलेल्या, लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा १२.७ असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर थंडीच्या रात्री हीटरची आशा सोडावी. गाडीत लिथियम बॅटरी असेल तर व्होल्टेजवरून अंदाज बांधता येत नाही, कारण ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत आकडा फारसा उतरत नाही. तिथे उरलेली टक्केवारी दाखवणारा मॉनिटर आहे का ते विचारावे.

खांबावरची निळी पिन १६ अँपिअरची, म्हणजे सुमारे ३६८० वॅटची असते. २००० वॅटचा फॅन हीटर चालू असताना तेवढीच किटली लावली तर ही मर्यादा ओलांडली जाते आणि एमसीबी पडू शकतो, आणि काही पार्कांत याहून कमी मर्यादा असते. चहा गॅसवर करावा, सासूबाईंनी तेच केले. केबल गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडावी, नाहीतर ती तापते. पावसानंतर आरसीडी पडला तर आधी केबलच्या जोडात पाणी शिरले आहे का ते पाहावे. आपल्याकडचे मोबाइलचे चार्जर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर तिथेही चालतात, मात्र पिना तिरप्या व चपट्या असल्याने ॲडॉप्टर लागतो. डिझेल हीटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत मुख्य स्विचला हात लावू नये. कंपनीला फोन करण्यापूर्वी पॅनेलचा फोटो दोनदा काढून ठेवावा, एकदा केबल जोडलेली असताना आणि एकदा काढल्यावर. तंत्रज्ञाला अर्धे निदान त्यावरूनच करता येते.