बुचाची भिंत

नोव्हेंबरात ग्लासगोला दुपारी चारलाच अंधारून येतं. अशाच एका दुपारी, शाळा सुटल्यावर, रीतसर परवानगी काढून मी हेझलवूड स्कूल पाहायला गेले. आत शिरले, डोळे मिटले आणि भिंतीला हात लावून चालू लागले. हाताला लागलं ते बूच. बाटलीला लावतो तेच, पण अख्ख्या भिंतीभर. बाहेरच्या थंडीनं बोटं बधिर झाली होती, भिंत मात्र कोमट वाटली. ती हळूहळू वळत गेली, तशी मीही वळत गेले. डोळे उघडायची गरजच पडली नाही.

आर्किटेक्ट ॲलन डनलॉप यांनी घडवलेली ही शाळा 2007 मध्ये सुरू झाली. दृष्टी, श्रवण, हालचाल, आकलन यांपैकी दोन किंवा अधिक बाबतींत अडचण असलेल्या साधारण साठ मुलांसाठी ती बांधली. बुचाची भिंत म्हणजे या मुलांची वाट, आणि तिच्याच पोटात सामानाची कपाटं. आवारातली जुनी झाडं तोडायची नाहीत म्हणून इमारतच त्यांना वळसा घालून गेली आहे. वळणामुळे लांबलचक, भकास कॉरिडॉर कुठेच झाला नाही. बाहेरच्या भिंतींना छपरांवरची स्लेट दगडाची जुनी कौलं पुन्हा वापरलीत, आणि लाकूड. मुलं त्यावरूनही हात फिरवतात. उजेड येतो तो वरच्या खिडक्यांतून, बहुतेक उत्तरेचा. डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि दिवेही कमी लागतात.

मी इथे शाळांच्याच इमारतींचं काम करते, म्हणून हे सगळं मला जास्त भिडलं. वीज वाचवणं आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला निवांत वाटणं या दोन गोष्टी आपोआप जुळत नाहीत, हे मी चूक करून शिकले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका शाळेत आम्ही कॉरिडॉरला सेन्सरचे दिवे बसवले. माणूस आला की लागणार, गेला की विझणार. विजेच्या हिशेबात ते फार छान दिसत होतं. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात बोलावणं आलं. एक नऊ वर्षांचा मुलगा वर्गाच्या उंबऱ्यावर बसून राहायचा, कॉरिडॉरमध्ये पाऊलच टाकायचा नाही. मी गेले तेव्हा तो दोन्ही हातांनी डोळे झाकून बसला होता. पुढे पाऊल टाकलं की उजेड अंगावर धावून येतो, असंच त्याला वाटत असणार.

वर्गात आणखी वेगळीच गत. काँक्रीटचा स्लॅब आम्ही मुद्दाम उघडा ठेवला होता. तो दिवसा वर्गातली उष्णता शोषतो, रात्रीच्या हवेनं गार होतो, एसी लागत नाही. पण उघडं काँक्रीट प्रत्येक आवाज परत फेकतं. त्यात हवा खेळवणाऱ्या पंख्याची घरघर. आपल्या कानांना ती दोन मिनिटांत सवयीची होते, काही मुलांना दिवसभर ऐकू येत राहते.

इंग्लंडमधल्या शाळांच्या नियमांत याचे आकडे आहेत. नव्या प्राथमिक शाळेच्या साध्या वर्गात आवाज घुमण्याची मर्यादा 0.6 सेकंद, तर ऐकण्या-बोलण्यात विशेष गरज असलेल्या मुलांच्या वर्गात 0.4. पंखे वगैरेंच्या आवाजाची मर्यादाही 35 ऐवजी 30 डेसिबल. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण या मुलांचा सगळा दिवस त्यावर ठरतो.

आम्ही स्लॅबखाली लाकडाच्या तंतूंचे फलक टांगले, मध्ये फटी सोडून, म्हणजे हवा काँक्रीटला लागत राहील. कॉरिडॉरमध्ये मंद दिवा कायम ठेवला आणि बाकीच्यांसाठी हाताचं बटण दिलं. थोडी वीज जास्त जाते. जाऊ दे. काही आठवड्यांनी कळलं, तो मुलगा स्वतः बटण दाबून पुढे जातो.

कैरोतल्या आर्किटेक्ट माग्दा मुस्तफा यांनी स्वमग्न मुलांच्या शाळांसाठी सात सूत्रं मांडली आहेत. त्यांतलं पहिलंच आवाजाचं. त्या सगळीकडे चिडीचूप शांतता करा असं म्हणत नाहीत. शांततेच्या पायऱ्या ठेवा, म्हणजे मूल हळूहळू बाहेरच्या गलक्याला सरावेल, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार पटतं.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली. शाळेत मात्र रॅम्प बांधला की काम संपलं असं धरतात. कोल्हापूरजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला पत्रे होते. आषाढात पाऊस कोसळू लागला की वर्गातला एक मुलगा कानांत बोटं घालून बाकाखाली शिरायचा. गुरुजी त्याला ओढून बाहेर काढायचे. आम्ही हसायचो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. पत्र्याखाली जाड छत घातलं असतं तर उन्हाची काहिली आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी झाले असते.

आता तिथे स्लॅब पडलाय. माझी मामेबहीण तिथेच शिकवते. मी तिला म्हटलं, मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात एक टाळी वाजव आणि रेकॉर्ड करून पाठव. काल तिचा व्हॉट्सॲप आला. टाळी बराच वेळ घुमत राहते. वर्गाची लांबी-रुंदी आणि छताची उंची मोजून कळव, असं मी तिला लिहिलंय.